नऊ नंबरची खोट

कमरोद्दीनला पगार मिळायचा तो खोट काढण्याचा. वाळूजच्या एका कारखान्यात मोटारसायकलीच्या गिअरच्या चकत्या तयार होत आणि तयार झाल्या की त्याच्या टेबलावर येत. मापात बसली ती हिरव्या पेटीत, नाही बसली ती लाल पेटीत. सतरा वर्षं हे केल्यामुळं त्याची नजरच तशी झाली होती. कुणाच्या लग्नाला गेला तरी मांडवाचा कुठला खांब कलला आहे ते आधी दिसायचं, नवरदेव मागाहून.

घराचंही तसंच. लग्न झाल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं, तो स्वतःचं घर शोधत होता. दर रविवारी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून घर बघायला निघायचा आणि दुपारी ते नापास करून जेवायला परत यायचा. सातारा परिसरात पाणी नाही. गारखेड्याला जिना अंधारा. चिकलठाण्याला डोक्यावरून विमान जातं. हर्सूलला घर चांगलं होतं, पण तुरुंग जवळ.

"तुरुंग जवळ असला तर बरंच की," त्याची बायको जोहरा म्हणाली होती. "पोलीस असतात."

"पोलीस आत असतात. सुटलेले बाहेर येतात."

जोहरा एका उर्दू शाळेत मराठी शिकवायची. घरात दोघांचं बोलणं दखनीतच चालायचं, पण तिला राग आला की ती पाठ्यपुस्तकातलं मराठी बोलू लागायची. शुद्ध, सावकाश आणि आदरार्थी. तिच्या तोंडून 'आपण' असा शब्द आला की कमरोद्दीन हातातलं काम खाली ठेवायचा.

दोघं आणि नऊ वर्षांची नजमा बेगमपुऱ्यात द्वारकाबाईंच्या माडीवर दोन खोल्यांत राहत. द्वारकाबाई मनानं चांगल्या होत्या. ईदचा शीरखुर्मा आवडीनं खात, नजमाचे केस विंचरून देत. फक्त वर नळ जरा मोठा सोडला, की खालून छताला काठी वाजायची. एक ठोका म्हणजे हळू. दोन ठोके म्हणजे बंद. अकरा वर्षांत जोहरा भांडी अशी घासायला शिकली होती की पाण्यालासुद्धा कळू नये.

मग २००९ साल उजाडलं आणि मंदी आली. अमेरिकेत कुठल्या तरी बँका बुडाल्या आणि वाळूजच्या कॅन्टीनमधली भजी बंद झाली. पुढं कारखानाच आठवड्यातून चार दिवस चालू लागला. गेटजवळच्या फळ्यावर महिनाअखेरीला नावं लागायची आणि ज्याचं नाव लागलं तो डबा घेऊन सगळ्यांशी हात मिळवून जायचा. शहरात घरांच्या बांधकामावरचे मजूर गावाकडं परतले. जाहिरातींच्या पाट्या उन्हात फिक्या पडल्या.

नेमकं तेव्हाच जोहरा एके दिवशी जेवताना म्हणाली, "आता घर घे."

"आता? लोक असलेली घरं विकायला लागलेत."

"म्हणूनच. सगळे घ्यायला धावतात तेव्हा बिल्डर खुर्चीवरून उठत नाही. आता तो पाणी विचारील."

"आणि माझं नाव फळ्यावर लागलं तर?"

"भाड्याच्या घरात असताना लागलं तर द्वारकाबाई भाडं सोडणार आहेत का?"

कमरोद्दीन म्हणाला, "बघतो."

जोहरानं घास खाली ठेवला. "'बघतो' हे क्रियापद वर्तमानकाळी आहे असे मी मुलांना शिकवते," ती म्हणाली. "आपल्या घरी मात्र त्यास काळच नाही. आपण अकरा वर्षे घरे बघत आहात. आता घरांनीच आपल्याकडे बघणे सोडून दिले आहे."

दुसऱ्याच दिवशी तो पडेगावला गेला.

दौलताबाद रस्त्याला आत वळल्यावर नानासाहेब नावाच्या एका शेतकऱ्यानं आपल्या कपाशीच्या रानात बारा बैठी घरं बांधली होती. वाळूजचे कामगार उड्या टाकतील असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. उड्या पडल्या, पण उलट्या दिशेनं. आता बाराही घरांना कुलूप होतं आणि नानासाहेब लिंबाखाली एकुलत्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून रस्त्याकडं बघत असायचा. सोबतीला सांडू गवंडी. हा फर्दापूरचा. राहिलेल्या मजुरीसाठी थांबलेला आणि काम नसल्यामुळं कंटाळलेला.

कमरोद्दीन पिशवीतून पाणसळ, ओळंबा, एक जाड नाणं आणि काचेची गोटी घेऊन आला होता. भिंती सरळ आहेत का ते ओळंब्यानं बघितलं, ओटे सपाट आहेत का ते पाणसळीनं. नाण्यानं एकेक फरशी वाजवून कुठली पोकळ बोलते ते ऐकलं. गोटी न्हाणीत सोडून पाणी कुठं जाईल ते बघितलं. नानासाहेब आधी माणूस दिसल्याच्या आनंदात मागं-मागं फिरला, मग दमून खुर्चीवर जाऊन बसला. चार तासांनी कमरोद्दीननं त्याच्या हातात कागद ठेवला. दोन्ही बाजूंनी भरलेला.

नानासाहेबानं तो पुन्हा पुन्हा वाचला. "पाव्हणं, तुम्ही घर घ्यायला आलात का सोयरीक मोडायला?"

"खोट आहे ती लिहिली."

"व्हय, पर लई लिहिली."

कमरोद्दीनला वाटलं, संपलं. पण पुढच्या आठवड्यात सुट्टीला काही काम नव्हतं म्हणून तो सहज तिकडं गेला, तर सांडूनं कागदावरच्या निम्म्या खोटी काढून टाकल्या होत्या. पोकळ फरश्या उखडून नव्यानं बसवल्या होत्या. दुसरं करायचं काय, असं त्याचं म्हणणं. कमरोद्दीन त्या फरशांवर नाणं वाजवत बराच वेळ बसून राहिला. लाल पेटीत टाकलेली चकती पुढं भट्टीत जाते, हे त्याला माहीत होतं. आपण काढलेली खोट कुणी दुरुस्त केलेली तो सतरा वर्षांत पहिल्यांदा बघत होता.

मग तो दर सुट्टीला जाऊ लागला. आता सुट्ट्या तीन होत्या. भर मे महिन्यात त्यानं गच्च्यांवर टँकरचं पाणी दोन-दोन दिवस भरून ठेवायला लावलं, तेव्हा नानासाहेबाच्या डोळ्यांतही पाणी आलं. पण गळती सापडली आणि बुजलीही.

जूनमध्ये कोर्टात कारकून असलेले श्रीधर आणि त्यांच्या पत्नी उमा घर बघायला आले. नानासाहेबानं खुर्ची पुसून दिली. उमाताईंनी विचारलं, "ओल येते का हो?"

"ओल? अवो ताई, पडेगावात माणसाला घामसुदीक येत नाय."

"चार नंबरला येणार," वरून आवाज आला. कमरोद्दीन शिडीवर होता. "न्हाणीचा उतार उलटा आहे. पाणी स्वयंपाकघरात झिरपणार."

नानासाहेबानं त्याच्याकडं असं बघितलं की आता शिडीच ओढून घेईल. पण कमरोद्दीन खाली उतरला आणि त्यानं न्हाणीत गोटी सोडली. ती मोरीकडं पाठ करून दाराकडं निघून आली. श्रीधर खाली वाकून तिच्या मागं-मागं आले.

"आणि पाच?" उमाताई म्हणाल्या.

"उतार बरोबर. दाराची चौकट तिरकी. पावसात दार अडकेल."

"सहा?"

"सहाच्या गच्चीला भेग होती. ती बुजवली. मी स्वतः दोन दिवस पाणी भरून बघितलं, थेंब नाही. फक्त देवघराच्या बाजूला उजेड कमी आहे."

श्रीधरांनी सहा नंबर घेतलं. सही करताना ते नानासाहेबाला म्हणाले, "तीस वर्षं कोर्टात काढली. आपल्याच पक्षाच्या विरुद्ध बोलणारा साक्षीदार आज पहिल्यांदा बघितला. अशा साक्षीदारावर निकाल द्यायला हरकत नाही."

नानासाहेबाला ते वाक्य नीट कळलं नाही, पण सहीचा अर्थ कळला. त्या संध्याकाळी त्यानं दुसरी खुर्ची आणली. कमरोद्दीनला काहीतरी हातावर ठेवायचा प्रयत्नही केला, पण कमरोद्दीननं हात मागं घेतला. तपासणाऱ्यानं बनवणाऱ्याकडून चहाच घ्यावा, असं तो म्हणाला. मग चहा मात्र भरपूर झाला.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. मंदीत सगळेच धास्तावलेले. कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवावा कळेना. आणि पडेगावला म्हणे एक भाई बसतात, ते आधी खोट सांगतात. एक नर्सबाई आल्या, एक एसटीचा ड्रायव्हर आला, दोघं भाऊ आले आणि शेजारी-शेजारी घरं घेऊन गेले. दिवाळी जवळ आली तेव्हा बारापैकी दहा घरं गेली होती.

नऊ नंबर मात्र जाईना. त्याबद्दल कुणी विचारलं की कमरोद्दीन लांब श्वास घ्यायचा. पश्चिमेचं ऊन येतं. टाकी वर आहे, भरताना आवाज होतो. ओटा खाली आहे. खिडकीही खाली आहे. मागच्या बाजूला मुंग्या आहेत. गिऱ्हाईक घाबरून दहा नंबरकडं वळायचं.

हे सगळं चालू असताना ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी फळ्यावर चांदपाशाचं नाव लागलं. चांदपाशा त्याच्या शेजारच्या टेबलावर बसायचा, बारा वर्षं. त्यानं सगळ्यांशी हात मिळवला, कमरोद्दीनचा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला आणि म्हणाला, "मापात बसलो नाही रे." त्या दिवशी कमरोद्दीन घरी येऊन जेवला नाही. जोहरानं कारण विचारलं नाही. ताट झाकून ठेवलं. सकाळी त्यानं ते तसंच थंड खाल्लं आणि कामावर गेला. घर घ्यायचा विषय त्यानंतर त्यानं काढला नाही. तिनंही नाही. पडेगावला नुसता वेळ घालवायला जातो, एवढंच त्यानं तिला सांगितलेलं होतं.

मग एके दिवशी शाळेत गणिताच्या जाहेदाबाजींनी पेढे वाटले.

"घर घेतलं," त्या म्हणाल्या. "पडेगावला. आम्ही घेणार नव्हतो खरं तर, या दिवसांत कोण घेतं? पण तिथं एक कमरभाई म्हणून आहेत. बिल्डरचेच माणूस, पण इतका सच्चा माणूस नाही बघितला."

जोहरानं पेढा तोंडात टाकला आणि पूर्ण चावून खाल्ला. "ते स्वतः कुठल्या घरात राहतात?"

"ते कशाला तिथं राहतील? त्यांचा कुठं तरी मोठा बंगला असेल."

जोहरा घरी आली, पण नवऱ्याला काही बोलली नाही. रविवारी तो बाहेर पडल्यावर तीही निघाली. द्वारकाबाई ओट्यावर बसल्या होत्या. कुठं जातेस, असं त्यांनी विचारलं आणि उत्तर ऐकून काठी घेऊन रिक्षात आधी जाऊन बसल्या.

पडेगावला लिंबाखाली दोन खुर्च्या होत्या. एकीवर नानासाहेब, दुसरीवर कमरोद्दीन, हातात बशी. रिक्षातून कोण उतरतंय ते दिसलं तशी बशी खाली गेली आणि तो उभा राहिला.

"या ताई, या आजी," नानासाहेब म्हणाला. त्याला काय माहीत. "हे आमचे कमरभाई. काय असंल ते खरं सांगत्यात. ईचारा खुशाल."

"नमस्कार," जोहरा म्हणाली. "आम्हांला घर बघावयाचे आहे."

'बघावयाचे' ऐकून कमरोद्दीननं शर्टाची कॉलर नीट केली. "दोनच राहिलेत," तो म्हणाला. "नऊ आणि बारा. बारा चांगलं आहे."

"नऊ दाखवावे."

सगळे नऊ नंबरमध्ये गेले. मागं सांडूही आला, थापी हातात घेऊन.

"यात काय काय खोट आहे?" जोहरानं विचारलं.

कमरोद्दीननं भिंतीकडं बघत यादी म्हणायला सुरुवात केली. "पश्चिमेचं ऊन येतं."

जोहरानं बाहेर डोकावलं. पश्चिमेच्या खिडकीवर इतर कुठल्याच घराला नव्हता असा हातभर लांब छज्जा होता. "पुढे."

"टाकीचा आवाज येतो."

"टाकीखाली रबर घातलंय की सायेब," सांडू म्हणाला. "तुम्हीच आणलं व्हतं कारखान्यातून. भंगारातलं."

"मुंग्या आहेत."

"त्या सगळीकडं असतात," द्वारकाबाई म्हणाल्या. "माझ्याकडं पण आहेत. म्हणून मला काय कमी भाडं देतोस?"

नानासाहेबाची मान या आजीकडं वळली ती तिथंच राहिली.

"ओटा खाली आहे," कमरोद्दीन जवळजवळ कुजबुजला. "आणि खिडकी पण."

जोहरा ओट्यापाशी जाऊन उभी राहिली. द्वारकाबाईंच्या माडीवर पोळ्या लाटताना तिला पाट घेऊन त्यावर उभं राहावं लागायचं. इथं कोपर बरोबर ओट्याच्या वर आलं. खिडकीतून समोर बाभळी दिसत होत्या, त्यांच्यामागं रस्ता आणि त्याच्याही पलीकडं किल्ल्याचा डोंगर. मान उंच करावी लागली नाही.

"हे खाली कुणासाठी आहे?" तिनं विचारलं. बोलणं आपोआप दखनीवर आलं होतं.

सांडूच थापी खाली ठेवून बोलला. "ताई, ही खिडकी म्या वरच काढली व्हती, बाकीच्या घरांवानी. सायबांनी फोडाया लावली. वटा दोनदा फोडला. म्हणलं का, तर म्हणले, बाई ठेंगणी हाय."

"कोण बाई?" नानासाहेबानं विचारलं.

"ही," द्वारकाबाई काठी रोखून म्हणाल्या. "हीच ती ठेंगणी बाई. याची बायको."

नानासाहेबानं एकदा जोहराकडं बघितलं, एकदा कमरोद्दीनकडं. "म्हणजे," तो सावकाश म्हणाला, "सहा महिनं झालं, ह्यो गडी माझं गिऱ्हाईक पळवतोय ते ह्याच्यापायी? आन् सिमेंट माझं?" पण तो फार चिडू शकला नाही, कारण दहा घरं गेली होती. तो द्वारकाबाईंना चहाला बाहेर घेऊन गेला. सांडूलाही ओढून नेलं.

स्वयंपाकघरात दोघंच राहिली.

"मी मुद्दाम नाही केलं," कमरोद्दीन म्हणाला. "खरंच नाही. लोक विचारायचे आणि माझ्या तोंडून तसंच निघायचं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू घ्यायला लावलं असतं." तो ओट्याला टेकला. "भीती वाटते, जोहरा. चांदपाशा माझ्यापेक्षा हुशार होता. त्याचं नाव लागलं. माझं उद्या लागेल."

"लागेल कदाचित," जोहरा म्हणाली.

तिनं असं सरळ म्हणावं हे त्याला अपेक्षित नव्हतं.

"नाही लागणार असं मी कुठून सांगू? पण माझी नोकरी आहे. कर्ज माझ्या नावावर काढू. ओढाताण होईल, दोन-तीन वर्षं कपडे नाहीत, गावाला जाणं नाही. मी हिशेब करून बघितलाय. जेमतेम बसतं, पण बसतं." मग ती म्हणाली, "आता तुझं काम कर. कारखान्यात सांगतोस तसं सांग. या घरात खोट काय राहिली?"

त्यानं खरोखरच एकदा सगळीकडं बघितलं. छताकडं, कोपऱ्यांकडं, उंबऱ्याकडं. "घरात नाही," तो म्हणाला. "घेणाऱ्यात आहे."

"ती मला माहीत आहे. अकरा वर्षं झाली. चालते."

तेवढ्यात बाहेरून नानासाहेबाची हाक आली. मोटारसायकलवरून एक जोडपं आलं होतं आणि त्यांना नऊ नंबरच हवं होतं. त्यातल्या बाईला लांबूनच छज्जा आवडला होता. कमरोद्दीन दारात गेला. ते दोघं त्याच्याकडं आशेनं बघू लागले. त्यानं सवयीनं लांब श्वास घेतला.

"नऊ गेलं," तो म्हणाला.

एवढे दोनच शब्द. पण ते उच्चारताना त्याचे कान तापले. मग त्यानं त्या दोघांना बारा नंबर दाखवलं. त्याच्या गच्चीच्या जिन्याची तिसरी पायरी एक बोट उंच आहे, हेही सांगितलं. त्यांनी ते तरीही घेतलं.

नानासाहेबानं मागितलेल्या पैशांवरून चार दिवस घासाघीस झाली. ती सगळी द्वारकाबाईंनी केली. चांगले भाडेकरू जातायत याचं दुःख त्यांनी नानासाहेबावर काढलं. डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीत, ही तिघं पडेगावला राहायला आली. पहिल्या सकाळी जोहरानं नळ पूर्ण सोडला आणि भांडी अशी घासली की नजमा दचकून उठली.

आणि महिनाअखेरीला फळ्यावर कमरोद्दीनचं नाव लागलं.

तो घरी आला, डबा ओट्यावर ठेवला आणि सांगितलं. जोहरा वरण ढवळत होती. "बरं," ती म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "बरं." मग तिनं तिघांना वाढलं. त्या रात्री आणि पुढं बरेच दिवस वरणभातच होता. नजमाची सहल राहिली आणि ती दोन दिवस बापाशी बोलली नाही. रंगारी परवडत नव्हता, म्हणून कमरोद्दीननं सांडूकडून शिकून घराला स्वतःच रंग दिला. खोट काढणाऱ्या माणसानं दिलेला रंग, त्यामुळं एकेक भिंत तीन-तीनदा झाली. चांदपाशाही मदतीला यायचा. त्यानं आता रिक्षा घेतली होती आणि तो रंगापेक्षा गप्पाच जास्त करायचा.

मार्चमध्ये कारखान्यानं अचानक बोलावणं पाठवलं. पुन्हा सहा दिवस काम. मंदी आली तेव्हा कुणी कारण सांगितलं नव्हतं, गेली तेव्हाही नाही. चांदपाशाला बोलावणं आलं होतं, पण त्यानं रिक्षाच बरी म्हणून सांगितलं.

आता सगळं सुरळीत होतं, म्हणायला हरकत नव्हती. पण अकरा घरांतल्या माणसांनी घर घेतलं होतं ते नानासाहेबाकडून नव्हे, कमरभाईंकडून, अशी त्यांची पक्की समजूत होती. नानासाहेब मोकळा होऊन पैठणला मुलाकडं गेला होता. त्यामुळं नळ गळला, कडी बसली नाही, मांजर गच्चीवर अडकलं, की लोक नऊ नंबरचं दार वाजवत.

एका रविवारी सकाळी श्रीधर आले. चेहरा गंभीर.

"कमरभाई, ओल आली."

"कुठं? सहाला ओल येणं शक्य नाही."

"तुम्ही सांगितलं होतं तिथं कुठंच नाही. देवघरामागं."

"देवघरामागं?" कमरोद्दीनचा चेहरा पडला. ती बाजू त्यानं स्वतः पास केली होती.

"उमा म्हणते, तुम्हाला उलटतपासणीला बोलावलंय. पोहे केलेत."

तो चपला घालून निघाला. वाटेत ड्रायव्हरचं घर लागलं, तो तक्रार घेऊन सोबत आला. मग नर्सबाई आल्या. सहा नंबरपर्यंत पोचेपर्यंत मागं सहा-सात माणसं झाली होती. जोहरा ओट्याच्या खिडकीतून त्यांच्याकडं बघत पोळ्या लाटत होती. दुपारचं जेवण तासभर तरी उशिरा होणार, हे तिच्या लक्षात आलं, म्हणून तिनं तवा उतरवून ठेवला आणि मुलांच्या वह्या तपासायला घेतल्या.